तुकडा क्रमांक चारचा अर्ज

१९०९ सालच्या वैशाखात करंजवाडीच्या सरकारी प्रयोगशेतातल्या चौथ्या क्रमांकाच्या तुकड्याने जेवणासाठी अर्ज केला.

तुकडा पाच गुंठ्यांचा. पहिल्या तुकड्याला सोरा मिळे, दुसऱ्याला हाडांचा चुरा, तिसऱ्याला शेणखत. चौथ्याला काहीच द्यायचे नाही, असे ठरले होते. इतरांना खताचा किती लाभ झाला, ते त्याच्याकडे पाहून ठरे. सहा वर्षे तो उपाशी होता.

तुकड्याला लिहिता येत नसल्याने अधीक्षक मोघ्यांनी अर्ज बांधावर उभे राहून उतरवून घेतला.

"निदान पाटीभर शेण तरी द्या, साहेब."

"तुला दिलं तर तुलना कशाशी करायची? प्रयोगाचा आधार तूच आहेस."

"आधार उपाशी आहे."

मोघ्यांनी तेही टिपले.

शेजारी हौसाबाई धसकटे वेचत होती. सरकारने घेण्याआधी ही जमीन तिचीच होती. आता ती तिथेच रोजाने येई. "मी टाकते की दोन पाट्या," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"शास्त्राला कळेल," मोघे म्हणाले.

तीन महिन्यांनी वरून उत्तर आले : तुकड्याची भूक समाधानकारक असून ती आणखी दहा वर्षे कायम राखावी. मोघ्यांनी ते तुकड्याला मोठ्याने वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागेवर नव्हता. बांध शाबूत होते. मध्ये दीड हात खोल खड्डा आणि तळाशी उघडा खडक.

तुकडा हौसाबाईकडे उरलेल्या डोंगराकडच्या माळावर सापडला. तिने त्याच्यावर लेंडीखतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या.

"हौसाबाई, हा सरकारी आहे."

"मग उचला की."

मोघ्यांनी वाकून एक कोपरा ओढून पाहिला. मग ते तुकड्याला म्हणाले, "नोकरीत खंड पडेल तुझ्या."

"पडू द्या," तुकडा म्हणाला. तोंड भरलेले असल्याने नीट ऐकू आले नाही.

मोघे दगडावर बसले. "सहा वर्षांचे तक्ते आहेत माझे," ते म्हणाले. "वर काय कळवू?"

हौसाबाईने त्यांना पाणी दिले. "खरं ते कळवा."

मोघ्यांनी हंगामाअखेर खरे तेच लिहिले : चौथा तुकडा, बिनखताचा. उत्पन्न शून्य.

खताचा इतका स्पष्ट लाभ आजवर कोणत्याच प्रयोगशेतात दिसला नव्हता. मोघ्यांना पदक मिळाले. पुढच्या माघात बारा गावचे शेतकरी बैलगाड्यांतून खडक पाहायला आणले गेले.

"खत न दिल्यास असं होतं," काठीने खड्डा दाखवत मोघे म्हणाले.

एका म्हाताऱ्याने वाकून पाहिले. "पण माती कुठं गेली?"

"तो आपला विषय नाही."

परतताना गाड्या माळापाशी थांबल्या. तिथे हौसाबाईची ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. शेतकऱ्यांनी कणसे हातात घेऊन पाहिली, मग ते खाली बसले आणि काय काय खाल्लेस, असे तुकड्यालाच विचारू लागले. तो एकेक सांगत गेला. दुपारच्या भाकरीची वेळ टळली, तरी कोणी उठले नाही.