शून्य चुकीचा परीक्षक

अण्णाजी सकाळीच पियुषकडे आले, खुर्चीत बसले आणि चहा नको म्हणाले. अण्णाजी चहाला नाही म्हणतात म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे पियुषच्या बायकोने, काजलने, ताबडतोब ओळखलं. तिने गॅस बंद केला आणि दाराशी येऊन उभी राहिली.

"पियुष," अण्णाजी म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरले बैल समजते का?"

पियुष वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचा. संगणकाला मेंदूच्या धर्तीवर उदाहरणं दाखवून दाखवून शहाणं करायचं, म्हणजे ज्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात ते, हा त्याचा विषय. आजवर गावातल्या एकाही माणसाने त्याला त्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. लोक फक्त 'झाली का रे पीएचडी?' एवढंच विचारत आणि उत्तर ऐकायला थांबत नसत. त्यामुळे त्याला अगदी भरून आलं.

"शिकवलं तर समजते, अण्णाजी."

"मंग शिकव. यंदा तान्ह्या पोळ्याचा नंबर तेच काढीन."

केळझरच्या अलीकडचं हे गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी नंदी झुली घालून, बेगड लावून मुलं मैदानात रांगेने आणतात आणि ज्याचा नंदी सर्वांत देखणा त्याला सायकल मिळते. हरलेली मुलं संध्याकाळपर्यंत सगळं विसरतात. त्यांच्या आजोबांना मात्र विसरायला वर्ष पुरत नाही. अण्णाजी पोळा समितीचे कायमचे अध्यक्ष असल्यामुळे ते सगळे आजोबा त्यांच्या वाट्याला येत.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण घरातच शिरलं. अण्णाजींचे धाकटे भाऊ प्रभाकरराव यांनी नातीसाठी, अंजूसाठी, सागवानाचा नंदी स्वतःच्या हाताने कोरला होता. असा नंदी गावाने पाहिला नव्हता. अण्णाजींनाही तो मनापासून आवडला आणि म्हणूनच त्यांनी सायकल दुसऱ्याला दिली. आपल्याच घरात बक्षीस दिलं तर गाव तोंडावर बोलणार नाही, पण पारावर बोलेल, ही त्यांना धास्ती. प्रभाकररावांनी भर मैदानात विचारलं होतं, "माह्या बैलात का कमी होतं?" आणि अण्णाजींनी खरं तेच सांगितलं होतं, "बैलात कमी काईच नोतं. तू माहा भाऊ आहे, हे जास्त झालं."

तेव्हापासून बोलणं बंद. दोन घरांची मधली भिंत एक, पण दिवाळीचा चिवडा त्या भिंतीवरून अलीकडे आला नाही. अण्णाजींना ताप आला तेव्हा प्रभाकरराव दारापर्यंत आले, वहिनीला विचारून गेले, आत आले नाहीत. अण्णाजी खाटेवरून आवाज ऐकत होते.

"मशीननं नंबर काढला तर परभाकरले माह्यावर राग धरता येणार नाई," अण्णाजी म्हणाले. "अंजू जिंकली तर गावाले बोलता येणार नाई. मले बाकी काई नको, पियुष. तो माह्यासंग बोलला पाह्यजे. आता वय का राह्यलं आमचं?"

पियुषने शब्द दिला. मग अण्णाजींनी चहा मागितला.

कामाला सुरुवात झाली. नेटवर्कला शिकवायचं म्हणजे जुने फोटो दाखवायचे. हा नंदी पहिला आला, हा आला नाही. ते चुकलं की त्याच्या पोटातल्या हजारो खुंट्या जराजरा पिळायच्या आणि पुन्हा विचारायचं. पियुषने घरोघर फिरून फोटो गोळा केले. हरलेल्या नंदींचे फोटो बापांनी रांगेत उभ्या उभ्या काढलेले होते. जिंकलेल्यांचे फोटो समितीने काढलेले, आणि त्या प्रत्येकात नंदीच्या वशिंडावर उजवा हात ठेवून अण्णाजी उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. तशी रीतच होती.

"फक्त बैल ठेव, बाकी सगळं काप," पियुषने काजलला सांगितलं आणि तो कॉलेजला गेला. परत आला तेव्हा काजल लॅपटॉपपुढे हात बांधून बसली होती.

"अण्णाजीचा हात बैलावर आहे. बैल ठेवाचा तर हात मनगटातून कापा लागते," ती म्हणाली. "जित्या माणसाचा. मले नाई जमत."

पियुषने एका फोटोत कापून पाहिलं. नंदीच्या पाठीवर अण्णाजींचा सुटा पंजा उरला. त्यालाही ते बरं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं असं काही करू नये, असं त्याच्यातला शास्त्रज्ञही म्हणाला. "राहू दे पूर्ण," तो म्हणाला. "नेटवर्क आपलं बैलच पाहील." अण्णाजी फोटोंत सबंध राहिले.

पहिलं नेटवर्क बरं शिकलं. पाच फोटोंत एखाद्यात चुकायचं. पण तिथेच अडकलं, चूक आणखी कमी होईना. पियुष बेचैन झाला. आठवड्याने चौकशीला आलेल्या अण्णाजींना त्याने कारण समजावून सांगितलं.

"समजा एका माणसाच्या डोळ्याले पट्टी बांधली, अण्णाजी, आन त्याले सांगितलं, शिवारातली सगळ्यात खोल जागा शोध. तो पायानं उतार चाचपत जाईन आन पहिल्या खड्ड्यात जाऊन बसन. त्याले वाटन हेच सगळ्यात खोल. माह्या नेटवर्कचं तेच झालं. माही पीएचडी याच्यावरच आहे. आपण एक माणूस नाई सोडाचा, शिवारभर शंभर सोडाचे. मधात मधात त्याह्यले मुद्दाम वर चढवाचं, लांब उड्या माराले लावाच्या. जो सगळ्यात खोल गेला, त्याच्याकडे बाकीच्याईले वळवाचं."

अण्णाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सगळ्यात खोल खड्डा शोधाचा."

"हो."

"आन मंग त्यात जाऊन बसाचं."

"हो, अण्णाजी."

"याले पीएचडी देतेत?"

"अजून देल्ली नाई," पियुष म्हणाला.

शंभर माणसं शिवारभर सुटली. लॅपटॉप दिवसरात्र तापत राहिला. काजलने त्याच्याखाली पोळपाट ठेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी पियुषने पडद्यावर पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. चूक शून्य. एकही फोटो चुकत नव्हता. जाणत्या माणसाने अशा वेळी घाबरायला हवं. पियुषने पेढे आणले.

तान्ह्या पोळ्याला मैदान भरलं. तोरण बांधलं, पूजा झाली. माइकवर नत्थूजी होते. यंदा नंबर मशीन काढणार आणि मशीनला ना जात ना भाऊबंद, असं त्यांनी जाहीर केलं. पियुष मोबाइल घेऊन रांगेच्या टोकाशी उभा राहिला. अण्णाजी सवयीप्रमाणे पुढे होऊन मुलांची विचारपूस करत होते. अंजूचा तोच सागवानी नंदी रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्याशेजारी प्रभाकरराव दुसरीकडे पाहत उभे होते. त्या टोकाला जायचंच नाही, असं अण्णाजींनी ठरवलं होतं. कोणाला संशय नको.

पहिला नंदी बाजारातून आणलेला, प्लॅस्टिकचा. अण्णाजींनी पोराचं मन राखायला त्याच्या पाठीवर हात ठेवला. मशीनने शंभरात अठ्ठ्याण्णव दिले. मैदान जरा चकित झालं. दुसऱ्याला एक शिंगच नव्हतं, त्यालाही अठ्ठ्याण्णव. तिसऱ्याला अठ्ठ्याण्णव मिळाल्यावर नत्थूजी म्हणाले की यंदा स्पर्धा अटीतटीची आहे. मग अण्णाजी कोणाशी बोलत मागे राहिले आणि चौथ्या नंदीला तीन मार्क पडले.

चौथा नंदी मोतीलालच्या पोराचा होता. मोतीलालचं जाम गावच्या चौरस्त्यावर टायरचं दुकान, आणि गिऱ्हाईक कशाने वळतं हे त्याला दुकानात बसून कळलेलं. त्याने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा अण्णाजींकडे.

"अण्णाजी, जरा इकडे या न," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. "पोरगं म्हणून राह्यलं, आशीर्वाद पाह्यजे."

अण्णाजी आले. मोतीलालने पुन्हा फोटो काढायला लावला. अठ्ठ्याण्णव.

यानंतर गावातल्या सगळ्या पोरांना एकदमच आशीर्वादाची गरज वाटू लागली. कोणी अण्णाजींचा हात धरला, कोणी सदरा. अण्णाजींना आपला एवढा मान पाहून गहिवरून आलं. गर्दीत कडेला बांधलेली एक बकरी पायांत आली, तिला त्यांनी हाताने बाजूला सारलं, आणि पियुषच्या मोबाइलने त्या बकरीला सत्त्याण्णव मार्क दिले.

ते फक्त पियुषने पाहिलं. नेटवर्कने सगळ्यात खोल खड्डा खरोखरच शोधला होता. शिंगं, झूल, कोरीव काम पाहत बसण्यापेक्षा सोपी खूण त्याला सापडली होती. जिथे अण्णाजी, तिथे पहिला नंबर. यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

"अण्णाजी," तो जवळ जाऊन म्हणाला, "तुम्ही शाळेत जाऊन बसा. तुम्ही इथं असले तर लोक म्हणतीन अध्यक्षानं मशीनीवर दबाव टाकला."

अण्णाजींना ते पटलं. ते मैदान सोडून शाळेच्या व्हरांड्यात गेले. एवढा निःपक्षपाती अध्यक्ष जिल्ह्यात नसेल, असं नत्थूजी माइकवरून म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्क पहिल्यापासून पुन्हा द्यायचे ठरले.

आता अण्णाजी नाहीत म्हटल्यावर नेटवर्कला झक मारून बैलच पाहावे लागतील, असा पियुषचा हिशेब होता. मशीनने पहिल्याला तीन दिले. दुसऱ्याला तीन, मोतीलालच्या पोराला चार. रांग संपत आली तरी पाचाच्या वर कोणी गेलं नाही. पियुष मनातल्या मनात राजीनामा लिहू लागला होता, तेवढ्यात अंजूचा नंदी आला. शहाण्णव.

पियुषने मोबाइलवरून नजर उचलली. अंजूच्या नंदीच्या वशिंडावर उजवा हात ठेवून प्रभाकरराव उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, तेच खांदे, मान तशीच एका बाजूला कललेली. अण्णाजींचीच प्रत म्हणावी, फक्त चेहऱ्यावर राग.

नत्थूजींनी निकाल जाहीर केला. कोणी हूं की चूं केलं नाही. अध्यक्ष मैदानातच नव्हते, बोलायचं कोणाला? मोतीलालसुद्धा गप्प बसला. अंजूने सायकल घेतली आणि नंदी आजोबांच्या हवाली करून ती मैदानाबाहेर निघून गेली.

पियुष लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात गेला आणि त्याने अण्णाजींना सगळं सांगितलं. बकरीसुद्धा सांगितली.

"म्हणजे मागल्या साली माहा भाऊ आहे म्हणून त्याचं बक्षीस गेलं," अण्णाजी म्हणाले, "आन यंदा माहा भाऊ आहे म्हणून त्याले भेटलं."

"हो, अण्णाजी."

"आन बैल?"

"बैल कोणीच नाई पाह्यला." पियुषने मान खाली घातली. मग त्याला आठवलं आणि त्याने लॅपटॉप उघडून आजचे फोटो पहिल्या, अडकलेल्या नेटवर्कला दाखवले. त्याने अंजूच्या नंदीला एकाहत्तर दिले. दुसऱ्या क्रमांकाला चौसष्ट. अण्णाजींच्या हाताखालच्या बकरीला सहा.

"हे तर बरोबर सांगून राह्यलं. मंग हेच काऊन नाई आणलं?"

"त्याची चूक जास्त होती," पियुष म्हणाला.

अण्णाजींनी त्याच्याकडे जी नजर टाकली तिच्यात पीएचडीबद्दलचं त्यांचं शेवटचं मत होतं. पण ते बोलून दाखवायला वेळ मिळाला नाही, कारण प्रभाकरराव नंदी ओढत व्हरांड्याच्या पायऱ्यांशी आले होते. वर्षभरानंतर ते पहिल्यांदा भावासमोर उभे राहत होते. नंदीची चाकं करकरली आणि थांबली.

"मशीनीले दिसलं," प्रभाकरराव म्हणाले. "जे तुले नाई दिसलं."

पियुष डोळ्यांनी विनवत होता की इथेच थांबा. भाऊ बोलला होता, काम झालं होतं. पण अण्णाजींना खोटं जमत नसे. गेल्या वर्षीही जमलं नव्हतं.

"परभाकर, मशीननं तुहा बैल नाई पाह्यला. तिले तू मी वाटला. म्हणून मार्क देल्ले."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. ते नंदीकडे पाहत राहिले. "मी तुह्यासारखा दिसतो?" त्यांनी विचारलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही.

"मशीनीले दिसते."

"मले तुहे मार्क नाई पाह्यजे. बैलाचे पाह्यजे." "वर्षभर एकच म्हणून राह्यलो मी. नंबर नको देऊ. सायकल नको देऊ. पण तू त्याले एकदा नीट पाह्यलं नाई रे अण्णा. तुले लोकच दिसत होते."

अण्णाजी उठले. पायऱ्या उतरून नंदीसमोर उकिडवे बसले, चष्मा पुसला आणि पाहू लागले. खुरं पाहिली, गळ्याखाली लोंबणारी पोळी पाहिली, डोळ्यांवरून बोट फिरवलं. पुष्कळ वेळ गेला. प्रभाकरराव परीक्षेच्या पोरासारखे उभे होते.

"अप्रूप काम आहे," अण्णाजी म्हणाले. "मन लावून केलं तू. पण डावं शिंग जरासं बाहेर गेलं."

"कुठं गेलं?" प्रभाकरराव त्यांच्याशेजारी उकिडवे बसले.

"हे पाह्य न. गेलं."

"तुले चश्म्यातून तसं दिसते. नाई गेलं."

"गेलं."

"मंग मागल्या साली काऊन नाई सांगितलं? बदलवलं असतं न मी."

"बोलू देल्लं का तू मले?"

पियुषला आपल्या शास्त्राची अब्रू राखण्याची शेवटची संधी दिसली. दोन्ही शिंगांचा कोन लॅपटॉपवर अचूक मोजून देता येईल, असं त्याने अदबीने सुचवलं.

दोघांनी एकाच वेळी मान वळवली. "तू चूप राह्य," दोघंही म्हणाले.

पियुष चूप राहिला आणि लॅपटॉप मिटून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. खाली वाद चालूच होता. तो आता या शिंगावरून वडिलांच्या वेळच्या एका खऱ्याखुऱ्या बैलाच्या शिंगांवर गेला होता, आणि ती कशी होती याबद्दलही दोघांचं अजिबात एकमत नव्हतं.