हौदातलं गुपित

द्वारकाबाईंच्या कोंबड्यांनी कोथिंबिरीचा वाफा पुन्हा उकरला, तसा एसटीतून रिटायर झालेला रामकिसन तडक कन्नडच्या बाजाराला गेला आणि दोन बदकं बगलेत मारून घरी आला. शेजारच्या हैदरभाईंनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की बदक वाफे उकरत नाही, अंडं मोठं देतं आणि बोभाटाही करत नाही. कोंबडी म्हणजे एक अंडं घालणार आणि गल्लीभर दवंडी पिटणार.

"नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् तुम्ही बदकं आणलीत व्हय?"

"अगं, अंडी बघ मग."

"बघते की. पुढचं पाणी येईस्तोवर अंडं दिसलं तर राहतील. नाय दिसलं तर बिल्किसभाभींच्या पातेल्यात."

हैदरभाईंच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या हातचं सालन, तो झणझणीत रस्सा, रामकिसनला लई आवडायचा, त्यामुळं धमकी त्याला चांगलीच खरी वाटली. तोवर बदकांची नावंही ठेवून झाली होती, शेवंता आणि गुलाब.

बदकांना घमेल्यातलं पाणी पुरेना. त्यांची तोंडं बघून रामकिसनचा जीव तुटायचा. मग पहाटे बायको काकड आरतीला गेली, की तो अंगणातल्या हौदावरचा पत्रा सरकवायचा आणि दोघींना आत सोडायचा. प्यायचं पाणी माठात वेगळं होतं, एवढंच काय ते समाधान. पोहून झालं की त्यांना स्वतःच्या टॉवेलनं पुसून तो डाल्याखाली ठेवायचा आणि दुपारपर्यंत डालं उचलून उचलून बघायचा. कोंबड्या तर सकाळी डाल्याखालीच अंडी द्यायच्या. इथं मात्र गवतावर नुसती झोप चाललेली.

दोनचार दिवसांत हौदाचं पाणी हिरवट झालं.

"अहो, ह्या पाण्याला वास मारतोय."

"नळालाच तसं आलं असंल," रामकिसन म्हणाला आणि तिथंच फसला. द्वारकाबाईंनी ही बातमी घरोघरी पोचवली. धसक्यानं बायकांनी आपापले हौद उपसून टाकले. संध्याकाळी गल्लीत हात धुवायला पाणी उरलं नाही, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, की आपलं पाणी तर चांगलं होतं.

पाणी यायच्या दिवशी अख्खी गल्ली रामकिसनच्या अंगणात उभी राहिली. ह्यांच्याच हौदात काही मेलंय, असं सगळ्यांचं मत पडलं. भिंतीपलीकडं बिल्किसभाभी मसाला वाटत होत्या आणि पाट्याचा तो आवाज रामकिसनच्या काळजात जात होता. हैदरभाई विजार खोचून हौदात उतरले. पाणी उपसत तळाशी गेले आणि वाकून बघत राहिले.

"क्या मरा है?" भाभींनी भिंतीवरून विचारलं.

हैदरभाईंनी हात वर केला. हातात भलंमोठं अंडं होतं. मग आणखी एक निघालं, मग घमेलं मागवावं लागलं.

द्वारकाबाईंनी अंड्यांकडं बघितलं, मग पत्र्याकडं, मग नवऱ्याच्या खांद्यावरच्या टॉवेलकडं. "पहाटं मी देवळात गेल्यावर काय करता तुम्ही?"

"पोहून आल्या की पुसतो त्यांना." रामकिसनला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आतून आनंदानं ऊर भरून आला होता. पोरींनी त्याला तोंडघशी पाडलं नव्हतं. पहाटेच काम उरकून मोकळ्या होत होत्या बिचाऱ्या.

"म्हंजे मी आठवडाभर ह्या पाण्यानं..." द्वारकाबाईंनी पदर नाकाला लावला.

"पण अंडी पाणी यायच्या आत दिसली," तो हळूच म्हणाला.

शब्द दिला होता, तो द्वारकाबाईंनी पाळला. भाभींचा वाटलेला मसालाही वाया गेला नाही, अंड्यांचं सालन साऱ्या गल्लीत वाटलं गेलं. नळ आल्यावर गल्लीतल्या बायकांनी आपापले हंडे रामकिसनपुढं मांडले. तो ते दारोदार पोचवत राहिला. हंडे संपले, तेव्हा नळ केव्हाच गेलेला होता.

घामाघूम होऊन टॉवेल घेऊन तो न्हाणीकडं वळला. आंघोळीचा टब जागेवर नव्हता. तो अंगणात होता, काठोकाठ भरलेला, आणि शेवंता-गुलाब त्यात डुंबत होत्या. द्वारकाबाई शेजारी पाटावर बसून त्यांना कोथिंबीर भरवत होत्या.

"आंघोळीला पाणी?" त्यानं विचारलं.

"थांबा की जरा," द्वारकाबाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यांचं झालं की घ्या."