सिद्धम्मांचं विरजण

रविवारी दिवेलागणीला सिद्धम्मांनी पहिल्या पातेल्यावरची गोधडी उचलली आणि झाकण सरकवलं. दही लागलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नांदेडची माणसं यायची होती आणि पातेल्यात नुसतं पांढरं पाणी हेलकावत होतं.

पाचही पातेली तनुजाची होती. तनुजा मूळची कंधारची. लातुरात एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवायची. दोन वर्षांमागे तिनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं, आणि गेल्या आषाढात नोकरीही सोडून घरमालकीण सिद्धम्मांच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. शेंगदाणे भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि त्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून दही लावायचं. पाटीवर ‘दाणेदही’ असं होतं; गल्ली त्याला बिनदुधाची डेअरी म्हणायची. येता-जाता लोक पाटी वाचत, पोरीच्या जिद्दीचं कौतुक करत आणि पुढच्या चौकातून म्हशीचं दही घेऊन परत येत. सहा महिने हेच चाललं होतं. जानेवारी संपेपर्यंत दुकानाचं काही झालं नाही तर सामान आवरून गावी यायचं, असं तिच्या वडिलांनी फोनवर शांतपणे सांगून टाकलं होतं.

आशा उरली होती ती करुणा मंडळाची. लातूर-नांदेडकडच्या व्हीगन मंडळींचं हे मंडळ, सगळी मिळून एकोणीस माणसं. आपल्यातल्या कुणी काही बनवलं तर ते आधी आपणच घ्यायचं, हा त्यांचा नियम. किशनराव चामड्याशिवाय चपला शिवायचे, म्हणून एकोणीसच्या एकोणीस माणसांच्या पायांत एकसारख्या तपकिरी कॅनव्हासच्या चपला असत आणि प्रत्येक बैठकीनंतर आपली जोडी ओळखण्यात अर्धा तास जाई. लुंबिनी ज्वारीची बिस्किटं करायची. ती कोऱ्या चहात बराच वेळ धरून ठेवावी लागत, पण मंडळात त्याबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता. हीच लुंबिनी नांदेडच्या एका मुलींच्या वसतिगृहाची खानावळ बघायची. दही चवीला उतरलं आणि मंडळानं ते शुद्ध असल्याची हमी दिली, तर खानावळीला रोज वीस किलो लागणार होतं.

तनुजा गंजगोलाईच्या बाजारात वाट्या-चमचे आणायला गेली होती. थंडी आहे, दही सकाळपर्यंत लागेल, असं ती जाताना म्हणाली होती. पण चाळीस वर्षं दही लावलेल्या बाईला पातेल्यात पाणी दिसलं की असल्या बोलण्यानं धीर येत नाही. सिद्धम्मांनी आपल्या स्वयंपाकघरातलं दह्याचं गाडगं आणलं. हात पुढे झाला आणि थांबला.

थांबला तो दुधाच्या विचारानं नव्हे. विरजण म्हणजे काही दूध नव्हे; विरजण म्हणजे निमित्त. शेजारणीकडून वाटीभर आणावं, तिनं ते द्यावं आणि दोघींनी विसरून जावं. सिद्धम्मांना अडलं होतं ते वेगळंच. दिवे लागल्यावर घरातलं विरजण दुसऱ्याला देऊ नये, असं त्यांच्या सासूबाईंचं सांगणं होतं. त्यांनी थोडा वेळ विचार केला. पोरगी आपल्याच छपराखाली राहते, म्हणजे विरजण काही घराबाहेर जात नाही. मन निवलं. ‘शिव शिव’ म्हणत त्यांनी पाचही पातेल्यांत एकेक चमचा टाकला, ढवळलं, गोधड्या नीट खोचल्या आणि जपाला बसल्या.

सोमवारी, सव्वीस जानेवारीला, पाचही पातेल्यांतलं दही सुरीनं वड्या पाडाव्यात असं लागलं होतं. तनुजा एका पातेल्यावरून दुसऱ्याकडे जात होती. “अम्मा, देठांनी कमाल केली,” ती म्हणाली आणि सिद्धम्मांच्या पाया पडली. सिद्धम्मा काही बोलल्या नाहीत. त्यांचा सोमवारचा मौनाचा नेम होता. उठल्यापासून सांजवात लागेपर्यंत शब्द नाही. अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. विंचू चावला त्या सोमवारीही त्यांनी नुसता पाय दाखवला होता. आणि लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणंच, असं मठातल्या स्वामींनी सांगितलं असल्यामुळे पाटी-पेन्सिलीचीही सोय नव्हती. केलेलं सांगावं असं त्यांना तेव्हा वाटलंही नाही. कुणाच्या कामाला हात लावावा आणि मागे सरावं, एवढंच.

अकराला मंडळी आली. नांदेडहून अध्यक्ष संघपाल आणि लुंबिनी; लातूरचे किशनराव आणि आणखी सहा-सात जण. संघपाल एका सरकारी कचेरीत होते. सडपातळ, हळू बोलणारे, आणि कुठल्याही गोष्टीवर लगेच मत न देणारे. लुंबिनीचं मात्र तसं नव्हतं. बसल्या बसल्या तिनं मागच्या महिन्यातली हकीकत सांगितली. खानावळीत पावाच्या दोन पेट्या आल्या होत्या. वेष्टनावर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, दूध-पावडरचा उल्लेख होता. तिनं दोन्ही पेट्या तशाच परत पाठवल्या.

“थेंब असला काय अन् घागर असली काय,” लुंबिनी म्हणाली, “दूध ते दूधच.”

सगळ्यांनी माना हलवल्या. दाराशी उभ्या सिद्धम्मांच्या कानांत ते वाक्य गेलं आणि तिथून हळूहळू खाली उतरत पोटापर्यंत पोचलं. पाच पातेली. पाच चमचे.

त्या वळल्या तोवर तनुजानं पहिलं पातेलं बाहेर आणलंच होतं. सिद्धम्मांनी पुढे होऊन झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि मान हलवली. तनुजा गोंधळली. किशनरावांनी समजावलं, की जुन्या माणसांची रीत असते, आधी देवाला दाखवायचं. तनुजानं लगेच एक वाटी देवघरात नेऊन ठेवली. सिद्धम्मांचा जीव आणखी कासावीस झाला. आता यात देवही आला.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चन्नबसप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. अकरा वर्षांच्या सोमवारांत त्यांना बायकोच्या सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या. मीठ, पाणी, गोळी, दार लाव, पंखा बंद कर. सिद्धम्मांनी बोटांनी गाडगं दाखवलं, चमचा दाखवला, ओतल्याचं दाखवलं, पातेल्याकडे हात केला आणि कपाळावर मारून घेतलं. या खुणेची ओळख नव्हती. चन्नबसप्पांनी बराच वेळ विचार केला आणि आत जाऊन आणखी सहा वाट्या आणल्या.

मग सिद्धम्मांनी शेवटचा उपाय केला. स्वयंपाकघरातून स्वतःचं गाडगं आणलं, बैठकीच्या मधोमध ठेवलं आणि एक बोट गाडग्याकडे, एक पातेल्याकडे करून दोन्ही बोटं एकमेकांना जुळवली. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अम्मा म्हणायल्यात,” ती अडखळत म्हणाली, “की त्यांच्या दह्यात अन् माझ्या दह्यात काई फरक न्हाई.”

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षं दही लावणाऱ्या बाईची ही साक्ष लुंबिनीनं वहीत टिपून घेतली. सिद्धम्मा गाडगं छातीशी धरून भिंतीला टेकल्या.

वाट्या भरल्या गेल्या. किशनरावांची अर्धी वाटी वाढतानाच संपली होती आणि ते दुसरी घेत होते. संघपालांनी मात्र वाटी हातात घेऊन आधी वास घेतला, रंग पाहिला, चमचा भरला. अकरा वर्षं झाली या माणसानं दूध सोडलंय, असं किशनराव कुणाला तरी सांगत होते. सिद्धम्मांना तो आकडा ऐकू आला. त्यांचं मौनही अकरा वर्षांचंच होतं. एक नेम त्यांच्या हातात होता आणि दुसरा त्या चमच्यात होता. दोन्ही वाचणार नव्हते. आपला आपण मोडला तर आपण प्रायश्चित्त घेऊ. दुसऱ्याचा त्याच्या नकळत मोडला तर त्याला प्रायश्चित्त कुठलं?

“खाऊ नगा,” सिद्धम्मा म्हणाल्या.

आवाज इतका हलका होता की तो कुणाचा हेच आधी कळलं नाही. चन्नबसप्पांच्या हातातून पेपर गळून पडला.

“त्यात माजं विरजण हाय. काल मी टाकलंय. म्हशीच्या दह्याचं. पाचीत.”

संघपालांचा चमचा ओठांपासून दोन बोटांवर थांबला आणि तसाच खाली आला. तनुजा आधी अम्मा बोलल्या म्हणून घाबरली. काय बोलल्या ते तिला नंतर कळलं, आणि तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. किशनरावांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

“तरीच,” ते हळूच म्हणाले.

अकरा वर्षांचं सोमवारचं मौन मोडलं, असं चन्नबसप्पांनी सगळ्यांना सांगितलं. सिद्धम्मा हात जोडून उभ्या होत्या. पोरीचं काही चुकलं नाही, शिक्षा तिला नको, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. संघपालांनी वाटी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की या माउलीनं आपल्यासाठी अकरा वर्षांचा नेम मोडला. मग आपण इथं स्वच्छ म्हणून बसणं बरं नव्हे.

“आश्विन पौर्णिमेला आईनं खीर केली होती. हातावर ठेवली. ऐंशी वर्षांची आई आहे. मला नाही म्हणवलं नाही.” त्यांनी चष्मा लावला. “दोन वाट्या घेतल्या.”

हे ऐकल्यावर बैठकीचा बांध फुटला. लुंबिनीनं वही मिटली आणि जमिनीकडे बघत सांगितलं, की वसतिगृहातल्या मुली वाढदिवसाला चॉकलेट देतात, आणि वसतिगृहात एकशेचाळीस मुली आहेत. किशनराव म्हणाले, बस स्टँडवर ते चहा घेतात. त्यात दूध असतं का, असं कुणीतरी विचारलं. “दुधातच चहा असतोय,” किशनरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. चव ताडून बघायला आपण डेअरीचं दही आणत होतो आणि ताडून झाल्यावर उरलेलं टाकवत नव्हतं, हे तनुजानं शेवटी सांगितलं. उरलेल्या सहा-सात जणांनीही आपापलं सांगितलं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. मठात पापं सांगायला बसल्यासारखं झालं होतं.

“म्हणजे गेल्या सहा महिन्यांत ज्यानं थेंब घेतला नाही असं आपल्यात कुणीच नाही,” संघपाल खिन्नपणे म्हणाले.

“ही हाय की,” चन्नबसप्पा म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सिद्धम्मांनी नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं; नवस बोलून दाखवायचा नसतो. पण मौन मोडलेल्या बाईला दुसऱ्याला गप्प करण्याचा काय अधिकार, असं चन्नबसप्पांना वाटलं असावं. त्यांनी सांगून टाकलं. श्रावणाच्या पहिल्या सोमवारपासून हिनं दूध, दही, ताक, तूप कशालाच तोंड लावलेलं नाही. पंचामृत आलं तर ते हाताला लावते आणि हात पुसते. घरात दही लागतं ते त्यांच्यासाठी आणि तूप कढतं तेही त्यांच्यासाठी. त्यांचं वजन चार किलोनं वाढलं होतं.

“कामून, अम्मा?” तनुजानं विचारलं.

“तुजं दुकान लागावं म्हनून,” सिद्धम्मा खालमानेनं म्हणाल्या. “देवाला काईतरी द्यावं लागतंय न्हवं? माज्याकडं आवडतं म्हनून तेवढंच होतं.”

संघपाल उठून उभे राहिले. त्यांच्यामागे सगळं मंडळ उभं राहिलं.

मग तनुजाला काहीतरी आठवलं आणि ती माळ्यावर चढली. पुढच्या वेळच्या विरजणासाठी तिनं आदल्या दिवशी पातेली लावतानाच पेलाभर दही वेगळं, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं होतं. त्याला फक्त देठांचा हात लागला होता. तेही अगदी घट्ट लागलं होतं. सिद्धम्मांनी ते निरखून पाहिलं आणि रात्रभर थांबलं असतं तर भागलं असतं, हे मनोमन मान्य केलं. प्रत्येकाच्या वाट्याला एकच चमचा आला. लुंबिनीनं तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि वीस किलोंचं पक्कं करून टाकलं. पाच पातेली चन्नबसप्पांनी गल्लीत वाटली. त्यात म्हशीचं विरजण आहे, हेही प्रत्येक दारात सांगितलं, तेव्हा कुठे लोकांनी ते दही चाखलं.

निघताना संघपालांनी सिद्धम्मांना मंडळाचं अध्यक्षपद घेण्याची विनंती केली. सहा महिन्यांची अखंड तपश्चर्या असलेलं दुसरं माणूस दोन्ही जिल्ह्यांत नाही, असं ते म्हणाले. सिद्धम्मांना अवघडल्यासारखं झालं. खोटं बोलायचं नाही, हाही त्यांचा नेम होता.

“नवस दुकान लागेपोत्तरचाच हाय, दादा,” त्या म्हणाल्या. “दुकान चालाय लागलं की मी तूप घेनार हाय.”

मंडळानं हे गंभीरपणे ऐकून घेतलं आणि नवस फिटेपर्यंत तरी अध्यक्ष त्याच, असं ठरवलं. संघपालांनी एकदा तनुजाकडे पाहिलं आणि मग मंडळी चपला ओळखायला बाहेर गेली.

फाल्गुन लागला. नांदेडच्या गाडीवर रोज डबे चढू लागले. गल्लीतल्या बायका दोनदा फुकट चाखून तिसऱ्यांदा विकत नेऊ लागल्या. उपासाला शेंगदाणे चालतात, हे एकीच्या लक्षात आल्यापासून तर एकादशीच्या आदल्या दिवशी दुकानापुढे उभं राहायला जागा नसे. अशाच एका सकाळी, पूजा आटोपून, सिद्धम्मा जेवायला बसल्या. ताटात ज्वारीची भाकरी होती, शेंगांची चटणी होती आणि शेजारी चन्नबसप्पांच्या तुपाची वाटी होती. बाहेर रांग लागली होती. नवस ज्याच्यासाठी बोलावा, त्यानं फिटला म्हणावं लागतं. आपलं आपण ठरवून चालत नाही.

“तनुजा,” त्यांनी हळूच विचारलं, “दुकान लागलं म्हनायचं का गं आता?”

तनुजानं एका हातानं डबा भरला, दुसऱ्या हातानं पुढचा घेतला आणि रांगेकडे पाठ करून दारातून आत डोकावली.

“अजून कुटं, अम्मा,” ती म्हणाली.

“घाई कशाला करायली,” म्हणत चन्नबसप्पांनी तुपाची वाटी आपल्या ताटाकडे ओढली.

सिद्धम्मांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग चटणीत बोटानं खळगा केला आणि त्यात करडईचं तेल घेतलं.