तात्यांचा घरातला जोड

सगळं जग दारात चप्पल काढतं. आमचे परशराम तात्या दारात चप्पल घालतात.

तुम्ही कधी रामनगरला आलात आणि कुणाच्या ओट्यावर एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस खांद्यावरच्या कातडी पिशवीतून निळ्या, मऊ चपला काढताना दिसला, तर ते तात्या समजा. पायातल्या करकरणाऱ्या वहाणा ते उंबऱ्याबाहेर नीट जोडीनं लावतात, निळ्या चपला उंबऱ्याच्या आत ठेवतात आणि एका ढांगेत या जोडातून त्या जोडात जातात. मग घरातल्यांना हात करून म्हणतात, "होल्डान! घाबरू नकासा. ह्ये चप्पल न्हवं, औषध हाय."

तात्यांचं सगळं आयुष्य सरकारी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्यानं गेलं. रामनगर, जोयडा, दांडेली, आणि जत्रेच्या दिवसांत उळवी. आमच्याकडचे कंडक्टर बस थांबवायला 'होल्डान' म्हणून ओरडतात आणि सोडायला 'राइट'. निवृत्तीनंतर तात्यांची बस सुटली, ओरडणं काही सुटलं नाही. पंक्तीत आमटी वाढणाऱ्यालाही ते 'होल्डान' म्हणतात. लग्नात फोटोसाठी माणसं गोळा झाली की मागून आवाज येतो, "मुंदक्क होग्री, पुढं सरका, आत जागा हाय!"

अशा या माणसाची उजवी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखी कळ यायची. थोडं चाललं की कमी, बसून उठलं की पुन्हा हजर. तात्यांनी या दुखण्याचं नाव 'पासिंजर' ठेवलं. "आज पयल्या ष्टापलाच चढला बग. टिकीट न्हाई, काय न्हाई, आन उतर म्हटलं तर उतरंना झालाय."

माझं किराणा दुकान तात्यांच्या घराला लागूनच आहे. त्यामुळे या टाचेचा सगळा इतिहास मला पाठ आहे, माझी इच्छा असो वा नसो.

पहिला उपाय विटेचा. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच. तात्यांनी वीट चुलीत अशी तापवली की तिच्यावर भाकरी भाजली असती, आणि पान ठेवायला विसरले. दुखणं होतं तिथंच राहिलं, वर फोड आला तो वेगळा. मग काशाची वाटी. तळव्याला तूप लावून वाटीनं घासायचं. हे खरं दुसऱ्यानं करायचं काम. पण तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगी गीता बेळगावात. स्वतःचाच पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घासता घासता त्यांची कंबर धरली. "टाचंचं टिकीट काढल्तं, कंबर फुकट आली," म्हणाले आणि आठवडाभर वाकडे चालले.

शेवटी गीतानं त्यांना बेळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक पट्टा असतो, तो दुखावला आहे. उठण्याआधी पंचा पायाच्या बोटांना अडकवून ओढा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली फिरवा. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. बरं व्हायला महिने लागतील, धीर धरा. परत येताना गीतानं त्या निळ्या चपला घेऊन दिल्या.

डॉक्टर 'घरात' म्हणाले, ते तात्यांनी कायद्यासारखं धरलं. घर म्हणजे आपलंच कशाला? जिथं फरशी, ते घर. म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात निळा जोड, आणि रस्त्यावर मात्र त्याच जुन्या कडक वहाणा. मी एकदा म्हटलं, "अहो, टाच बाहेरही तीच असते." त्यावर तात्या म्हणाले, "डाक्टर भाईरचं काय बोल्ला न्हाई. रूल म्हंजे रूल."

भिंत त्यांनी माझ्या दुकानाची निवडली. रोज सकाळी दोन्ही हात टेकून, एक पाय मागं लांबवून ते भिंत ढकलत उभे. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "पडायला आलीय काय ओ भिंत?" पाण्याची बाटली माझ्याच आइस्क्रीमच्या पेटीत गोठायची. एकदा मी जेवायला गेलो असताना माझी बायको शांता गल्ल्यावर होती. सुप्याचं धरण बघायला निघालेल्या कुणा पाहुण्याला तिनं तीच बाटली काढून दिली. पाहुणा पाणी पिऊन खूश झाला आणि गाडीत बसून गेला. तात्यांना कळलं तेव्हा ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जाऊ दे अक्का. माज्या पायाचं तीर्थ घेऊन गेलाय, त्येची टाच कवा दुखायची न्हाई."

शांतेचं आणि त्यांचं खरं भांडण स्वयंपाकघरावरून. पहिल्यांदा ते निळा जोड घालून चुलीपर्यंत आले, तेव्हा ती पोळपाट घेऊनच उठली.

"तात्या, सैपाकघरात चप्पल?"

"अक्का, ह्या जोडानं आजपातूर रस्ता बगितल्याला न्हाई. तुज्या फरशीपरास सोवळा हाय. आन गोळी खाल्ल्याला मानूस देवळात जातोय का न्हाई? मग ही पायानं खायाची गोळी."

शांता हरली. पण तात्या गेले की फरशी मात्र पुसून घेते.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे आम्हाला ठाऊक होतं. दर वर्षी शिमग्यापासून तात्या जोयड्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला गाठून विचारत, "पानी किती उतारलं?" त्यांचं जुनं गाव सुप्याच्या धरणात गेलं. त्या वेळी उठवलेली पुष्कळ माणसं रामनगरात येऊन वसली, त्यांतच मिसरूड फुटायच्या वयाचे तात्या आणि त्यांचे आईबाप. पाऊसकाळ बेताचा झाला की उन्हाळ्याच्या शेवटी पाणी मागं हटतं आणि गावाची जोती उघडी पडतात. मग तात्या बसनं जायचे, जंगलातला उतार चालून खाली जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. तिथं काय करता, असं विचारलं तर म्हणत, "काय न्हाई, चेकिंग."

गेल्या वर्षी ते अर्ध्या उतारावरून परत आले. टाचेनं पाऊल टेकू दिलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून 'होल्डान' ऐकू आलं नाही, आणि खरं सांगतो, गल्ली ओकीबोकी वाटायला लागली. एकदा भिंत ढकलता ढकलता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तम्मा," धाकटा भाऊ मानून ते मला अशीच हाक मारतात, "येत्या उन्हाळ्यात न्हाई जमलं तर परत जमायचं न्हाई. वय काय मागं सरकत न्हाई." मला एकदम भीती वाटली. त्या दिवसापासून बाटली पेटीत ठेवायला मी स्वतः विसरलो नाही.

यंदा मे महिन्यात पाणी उतरल्याची बातमी आली. मी दुकान शांतेवर सोपवलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. बसमधून उतरलो आणि पाहतो तर पायात त्याच कडक वहाणा. निळा जोड पिशवीत.

"तात्या, त्या मऊ घाला."

"घरातला जोड भाईर? बाटंल न्हवं! परत अक्काच्या सैपाकघरात कसा घालू?"

"गाव बघायचंय का चप्पल सांभाळायचीय?" मी जरा चिडूनच बोललो.

मग एका दगडावर बसून त्यांनी पिशवी उघडली. निळ्या चपला पहिल्यांदाच धुळीत टेकल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की लेकीला सासरी धाडतानाही झाला नसेल.

उतार आम्ही फार सावकाश उतरलो. प्रत्येक सावलीला 'होल्डान', झाडाला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, मग 'राइट'. गेल्या वर्षी जिथून ते मागं फिरले होते तो खडक आला. तात्यांनी त्याच्यावर थाप मारली आणि पुढं चालू लागले. मी मनातल्या मनात बेळगावच्या डॉक्टरांना नमस्कार केला.

खाली वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि पलीकडे पाणी चमकत होतं. जोत्याच्या दगडांचा एक चौकोन गाळातून जेमतेम वर आला होता. भिंत नाही, छप्पर नाही. एका सपाट दगडापाशी तात्या थांबले. "होल्डान," म्हणाले, पण हळू. वाकले, निळ्या चपला काढल्या आणि दगडाच्या अलीकडे नीट जोडीनं लावल्या.

"तात्या, अनवाणी नको! खाली खडे आहेत. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"घरात चप्पल घालून कोन जातंय रं?" ते म्हणाले. "आई वरडंल की."

वर्षभर आमच्या चुलीपर्यंत चपला घालून आलेला हाच तो माणूस. तात्या दगड ओलांडून आत गेले. पहिल्याच पावलाला त्यांचं तोंड वाकडं झालं.

"पासिंजर?" मी विचारलं.

"हाय की. येऊ दे त्येला बी. त्येनं बी घर बगू दे."

मधल्या मोकळ्या जागेत ते जरा वेळ उभे राहिले. मग वळले, तर मी अजून बाहेरच.

"तम्मा, भाईर का हुबा ऱ्हायलास?" एरवी साऱ्या गल्लीला ओरडून जागा दाखवणारे तात्या अगदी हळू म्हणाले. "ये की आत. बस."

मी चपला काढल्या, त्यांच्या जोडाशेजारी ठेवल्या आणि आत गेलो.