गुणवंतरावांची फौजदारी

धुऱ्याचा दावा लोकअदालतीत मिटला त्या दिवशी इंदुताईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि त्यांचे यजमान गुणवंतराव सुतकी तोंड करून ओसरीत बसून राहिले.

"जिंकलो का हरलो?" इंदुताईंनी विचारलं.

"मिटलं," गुणवंतराव म्हणाले. "आता तारीख नाई."

मोहटोल्यात त्यांच्या आणि लटारूच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागून होत्या. मधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणी कोणाकडे सरकवला, यावर दोघांत दिवाणी दावा लागला आणि दोघांचेही केस पांढरे होईपर्यंत चालला. गावात ते एकमेकांचं तोंड पाहत नसत. पाहून चाललंही नसतं. वादी-प्रतिवादी हसतखेळत दिसले तर घरच्यांचा, शेजाऱ्यांचा आणि वकिलांचा, सगळ्यांचाच विरस व्हायचा. पण तारखेच्या दिवशी गाव मागे पडलं की नाल्याच्या पुलाशी लटारू उभा असे. गुणवंतराव मोटरसायकल थांबवत, लटारू मागे बसे, आणि वादी प्रतिवादीला घेऊन तालुक्याच्या गावी, मूलच्या कोर्टात हजर होई.

पुकारा होईपर्यंत दोघं एकाच बाकावर बसत. पुढची तारीख पडली की आलुबोंडा आणि त्यावर झणझणीत रश्श्याची तर्री. हिवाळ्यात परतताना झाडीपट्टीच्या नाटकाची तिकिटं काढायची, लागून लागून. नाटकातला पाटील गरिबाची जमीन गिळायला लागला की लटारू कोपरानं ढोसायचा, "पाह्य, तूच हाय तो!" काय ते दिवस होते! ते सरल्यावरच त्यांची किंमत कळली.

तडजोडीनं भांडण गेलं आणि भेटायचं निमित्तही गेलं. लटारूच्या दारात नुसतं जाऊन बसायचं म्हटलं तर काय सांगून बसायचं? एवढ्या वर्षांची दुश्मनी, लोक काय म्हणतील? गुणवंतराव झुरू लागले.

अशात त्यांचा बैल दावं तोडून लटारूच्या बांधीत शिरला आणि त्यानं उभ्या धानावर ताव मारला. लटारूनं रिवाजाप्रमाणे त्याला आपल्या गोठ्यात नेऊन बांधलं. आता मालकानं यावं, चार शिव्या द्याव्या, चार खाव्या आणि बैल सोडून न्यावा, अशी पद्धत. पण गुणवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भांडण आलं म्हणजे केस आली, आणि केस आली म्हणजे तारीख! ते तडक पोलीस ठाण्यात गेले.

"लटारूनं माहा बैल बांधून ठेवला जी."

"चोरून नेला म्हणता का?" लिहून घेणाऱ्यानं विचारलं.

"तसंच समजा," गुणवंतराव उदारपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावात जीप आली. सगळ्या मोहटोल्यासमोर लटारूला जीपमध्ये बसवलं आणि बैलाला मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं. गुणवंतराव जीपमागे धावत सुटले.

"अजी साहेब, थांबा न जी! मले तं फक्त तारीख पायजे होती!"

जीप काही थांबली नाही. गुणवंतरावांनी त्यांचे धुऱ्याच्या दाव्यातले वकील श्रीहरी यांचं घर गाठलं.

"केस मांगं घ्या वकीलसाहेब, आत्ताच्या आत्ता."

"कोणाची केस?"

"माही."

"तुमची कुठली? धुऱ्याचा दावा तुमचा होता, वाटलं तेव्हा मिटवला. ही फौजदारी आहे. इथं सरकार विरुद्ध लटारू. तुम्ही नुसते साक्षीदार."

"पन कोर्ट तं तेच हाय, जजसाहेबबी तेच!"

"खुर्ची तीच. कायदा वेगळा." श्रीहरींनी कपाळाला हात लावला. "चोरीत मालकाला तडजोड करता येते. पण त्याला लटारू राजी पाहिजे."

लटारूला कोर्टात आणलं तेव्हा साहेबांनी जामीनदार कोण असं विचारलं. सर्वांत आधी हात वर केला तो गुणवंतरावांनी.

"तुम्ही तर फिर्यादी!" साहेब चष्म्यावरून पाहू लागले.

"हो साहेब. पन त्याले माह्याएवढा कोन वळखते?"

कोर्टात हशा पिकला. लटारू मात्र हसला नाही. त्याच्या भावानं जामीन दिला. फाटकापाशी गुणवंतराव आडवे आले.

"लटारू, चाल न, तडजोड करून टाकू."

लटारूनं वर पाहिलं. "धुरा कोरला म्हनला तू मले. लबाड म्हनला. मी हासलो, काऊन का थो वावराचा झगडा होता. पन चोर म्हनला! अख्ख्या गावानं पाह्यलं. माही नात विचारून राह्यली, आबा, चोरी काऊन केली? आता मले तडजोड नाई पायजे. मी चोर नाई, हे साहेबानं म्हनलं पायजे."

एवढं बोलून तो भावासोबत चालू लागला. मग तारखा पडू लागल्या, हव्या होत्या तशाच. पण आरोपी एकीकडे आणि साक्षीदार दुसरीकडे. लटारू एसटीनं यायचा. गुणवंतराव बाकावर एकटेच बसायचे आणि आलुबोंडा अर्धाच टाकून उठायचे. माणसाला माणूस लागतो हो, उगीच नाही.

शेवटी साक्षीचा दिवस उजाडला. बैल चोरीला कधी गेला, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"चोरीले गेलाच नाई," गुणवंतराव म्हणाले. "धान खाऊन राह्यला म्हून यानं बांधला. मले मालूम होतं. मी खोटं बोललो."

"खोटी फिर्याद देणं हाही गुन्हा आहे," साहेब कडाडले. "तुम्हालाच आत टाकता येईल."

"टाका साहेब." गुणवंतरावांनी हात जोडले. "पन आधी त्याले चोर नाई म्हना."

साहेबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, पुन्हा असं केलं तर गय नाही असं बजावलं, आणि लटारूला निर्दोष सोडलं. निकाल ऐकून लटारूनं डोळे पुसले आणि गुणवंतरावांकडे न पाहता तो निघून गेला. गुणवंतराव रिकाम्या मोटरसायकलवर घरी आले आणि न जेवता निजले.

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली तशी एका सकाळी दारात बेलिफ उभा राहिला. समन्स! इंदुताईंनी डोळ्यांना पदर लावला. गुणवंतराव दारापर्यंत आले, पण कागद हाती घेईनात.

"दिवानी का फौजदारी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"दिवाणी."

त्यांनी कागद वाचला. वादी लटारू, प्रतिवादी गुणवंतराव. प्रतिवादीच्या बैलानं वादीच्या गोठ्यात फुकट खाल्लेल्या तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, भरपाई मिळावी. गुणवंतरावांनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अवं, बेलिफसाहेबाले च्या ठेव!" ते ओरडले, आणि त्यांनी श्रीहरी वकिलांना फोन लावला.

"मामुली आहे हो," वकील हसले. "पहिल्याच तारखेला उडवून देतो."

"खबरदार!" गुणवंतराव गरजले. "जिंकू नका, हारू नका. चालू ठेवा!"