चौथ्या गिअरची चोरी

"नाक सगळ्यांनाच असतं, पण ते नेमकं कुठे खुपसायचं हे फक्त मला कळतं," असं माझा मामा स्वतःबद्दल सांगतो. तो खाजगी गुप्तहेर आहे. मी प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी त्याची मदतनीस असते, कारण आईच्या मते त्याच्यावर कोणाचं तरी लक्ष असलेलं बरं.

या वेळी अशील होती मावशी. तिची जुनी, छोटी ऑटोमॅटिक गाडी आठवडाभर वेग वाढवला की नुसती बोंबलायची, पण चौथा गिअर काही पडायचा नाही. गिअरबॉक्स गेला असं ठरवून मावशीच्या मुलाने संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं होतं. मावशी साठीत गाडी शिकली, तीही क्लच नाही म्हणून. ही गेली की वाचनालयात जायलाही मुलाची सवड बघावी लागणार.

"ताई, गुन्हेगार नेहमी घरातलाच असतो," असं बजावून मामाने गाडी सुरू ठेवून बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढली आणि दचकला. "रक्त!"

गिअरबॉक्सचं तेल लालच असतं, मी म्हटलं. ते स्वच्छ होतं, पुरेसं होतं, जळका वासही नव्हता. मामाने ते शर्टाला पुसलं आणि मनाला लावून घेतलं.

मग गिअरच्या दांड्याची चौकशी झाली. न्यूट्रल कुंपणावरचा, म्हणून फितूर. रिव्हर्स तर उघडच माघार घेणारा. निष्कर्ष असा की चौथा गिअर चोरीला गेलाय आणि चोर शेजारी आहे, कारण त्याची गाडी हल्ली फार पळते. ती नवी आहे, मी सांगितलं.

"म्हणजे जुनी विकून पुरावा नष्ट केला," मामा म्हणाला.

मावशी मात्र आत बसून गाडी पुसत होती. जायचंच आहे तर नीटनेटकी जाऊ दे, म्हणाली. स्टिअरिंगमागे वेगाच्या काट्यावरच्या काचेवर एक स्टिकर होतं: 'गुप्तहेर सेवा, चोवीस तास'. मागच्या आठवड्यात गाडी उसनी नेली तेव्हा मामाने चिकटवलेलं. तिने ते नखाने खरवडलं. खाली एक पिवळा दिवा पेटलेला होता.

"हा चौथा गिअर बंद केल्याचा दिवा," मावशी म्हणाली. "शिकवणाऱ्या बाईंनी दाखवला होता. दांड्यावरचं हे बटण कोणी दाबलं रे?"

मामा तेलाची पट्टी न्याहाळू लागला. "मला वाटलं, गुप्त कप्पा उघडेल."

मावशीने बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला. मी पट्टी जागेवर घालून बॉनेट लावलं. मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारून ती फाटकाशी थांबली. चौथा पडला होता.

"घरातलाच, मी म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाला.

मावशी वाचनालयाकडे निघून गेली. थोड्या वेळाने भंगारवाला आला. रिकाम्या अंगणात तेलकट शर्ट घातलेला मामा एकटाच उभा होता. भंगारवाल्याने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "न्यायचं ते हेच का?"