कर्नल घोरपड्यांचं टेबल

कर्नल घोरपडे ढाब्यावरसुद्धा अंगठ्याने टेबल मोजतात. पिंजौरच्या रस्त्यावर एकदा आम्ही पराठे खायला थांबलो होतो. माझा पहिला घास तोंडात गेलाही होता. कर्नलांनी मात्र थाळी पुढ्यात ओढली, टेबलाची कड आणि थाळीची कड यांच्यामध्ये अंगठ्याचं पेर ठेवलं, थाळी केसभर मागे सरकवली, लोणच्याची वाटी डावीकडे आणली, चमचा उजवीकडे सरळ केला आणि हलक्या आवाजात हुकूम सोडला, "दाहिने सज!"

परेडवर जवानांची रांग सरळ करायचा हा हुकूम. चमचा आधीच सरळ होता. शेजारच्या खाटेवर लवंडलेला ट्रकवाला मात्र दचकून उठून बसला.

पंचकुल्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात अन्यायाविरुद्ध लिहिते. वेळ फारसा उरत नाही, त्यामुळे अन्याय तसा सुरक्षित आहे. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. आमच्या घरी पोहे पत्रकावर, डाळ-तांदळाच्या डब्यांखाली पत्रकं, आणि मी वाचायला शिकले तेही पत्रकांवरच. बाकीची पोरं 'क कमळाचा' म्हणायची तेव्हा माझा 'क' कामगारांचा होता.

अशी मी पहिल्यांदा कर्नलांकडे जेवायला गेले. साधी मुगाची खिचडी होती, पण टेबलावर घडीचा नॅपकिन, पाण्याच्या पेल्याखाली विणलेली चकती, मिठाला वेगळी चिमुकली चमची. मला राहवेना.

"काका, हे सगळं सरंजामी आहे."

"असेल," कर्नल म्हणाले. "पण तू चमचा उलटा धरलायस, कॉम्रेड."

त्या दिवसापासून मी कॉम्रेड. कर्नल म्हणजे साताऱ्याकडचा माणूस, उभी हयात छावण्यांमध्ये गेलेली. निवृत्त होऊन इथे, चंदीगडला खेटून, घर बांधलं, कारण त्यांच्या मते देशात सरळ रस्त्यांचं शहर एकच. "चंदीगड बघ. चौकसुद्धा टेबल मांडल्यासारखे." आमचं भांडण रोज व्हायचं आणि भांडणात दोघांचीही तब्येत सुधारायची.

शैलाकाकू या भांडणात नसत. त्या वाढायच्या, हसायच्या आणि "मी बसते मागून" म्हणून आत जायच्या. बायकांनी मागून जेवण्याच्या प्रथेवर मी एक जळजळीत लेख लिहिला आणि काकूंनाच वाचून दाखवला. "छान लिहितेस गं," त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलायला मला सांगून आत गेल्या.

मग गौरीचं लग्न ठरलं. गौरी त्यांची एकुलती एक, मुलगा मोहालीचा, पंजाबी. लग्न दोन्ही पद्धतींनी होणार होतं, त्यावर वाद नव्हता. वाद झाला रिसेप्शनच्या जेवणावरून. झिरकपूरच्या मॅरेज पॅलेसमध्ये लोक कसे जेवतात हे चंदीगड, मोहाली, पंचकुला अशा सगळ्या ट्रायसिटीला माहीत आहे. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात टिक्की, काखेत पर्स, आणि समोर डीजे. कर्नलांनी व्याह्यांना सांगून टाकलं, "हमारे यहाँ लोग बैठके खाएँगे. टेबल मैं लगाऊँगा."

व्याही सरदारजी, आडदांड आणि प्रेमळ. ते हसले. "कर्नल साब, शादी है, मेस नहीं! हमारे लोग बैठ गए तो भंगड़ा कौन करेगा?"

"बाद में करेंगे. पेट भरके."

"पापा, प्लीज यार," गौरी म्हणाली. पण कर्नल हटले नाहीत. इतका साधा माणूस एवढ्याच एका गोष्टीवर एवढा का अडून बसलाय, हे घरात कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी ते लष्करी मेसमधल्या सवयीच्या खात्यावर टाकलं. काकूंनी तर आधीच जाहीर केलं होतं, "स्टेजवर उभी राहीन, फोटो काढीन, जेवायला मात्र मला धरू नका. मला पथ्य असतं."

नॅपकिनच्या घड्या घालायला कर्नलांनी मला पकडलं. मी घड्या घालत घालत श्रमाच्या शोषणावर बोलत होते. माझं पहिलं कमळ त्यांनी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"हे कमळ नाही, कॉम्रेड. हा लाठीमार झालेला मोर्चा आहे."

पण माझं बोलणं वाया जात नव्हतं, असा माझा समज होत चालला होता. सुरुवातीला ठरलं होतं अस्सल इंग्रजी टेबल: पांढराशुभ्र कपडा, चपट्या प्लेटा, काटे-सुऱ्या, उंच दांड्याचे काचेचे पेले, सुरुवातीला सूप. मी म्हटलं, "सूप म्हणजे साहेबाची नक्कल." आठवड्याभरात सूप रद्द. मी काट्या-सुऱ्यांवर घसरले. काटे-सुऱ्या गेल्या, त्यांच्या जागी एकेक मोठा चमचा आला. उंच पेले जाऊन जाड बुडाचे पितळी पेले आले, चपट्या प्लेटा जाऊन उभ्या काठांची खोल ताटं. केटररने कपाळाला हात लावला. शेवटी मी टेबलक्लॉथवर हल्ला चढवला. "पांढरा कपडा कशासाठी? धुणारणीचे हात सोलवटायला?"

दोन दिवसांनी कर्नल कापडाचा तागा घेऊन आले. गडद लाल.

मी त्याच संध्याकाळी वडिलांना फोन केला. "बाबा, लष्करातला माणूस बदलतोय! टेबलावर लाल कपडा घालणार आहे!" बाबा गहिवरले. माणसाला विचार पटवून देता येतो, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता, फक्त उदाहरण सापडत नव्हतं.

याच विजयाच्या धुंदीत एका रविवारी दुपारी मी खाली गेले. रिसेप्शनच्या दिवशी 'एकत्र बसून जेवण्यातील समता' या विषयावर चार शब्द बोलावेत असा माझा विचार होता, आणि कर्नलांची परवानगी हवी होती. दार उघडं होतं. आतल्या टेबलावर लाल कपडा अंथरलेला. काकू खुर्चीत बसलेल्या, त्यांच्यासमोर खोल ताटात आमटी-भात. कर्नल बाजूला वाकून उभे होते, हातात तऱ्हेतऱ्हेचे चमचे.

"हा बघ. हा जड आहे. जड चमच्याने हात कमी हलतो."

काकूंनी चमचा उचलला. त्यांचा हात थरथरत होता, थोडाथोडका नाही, कोपरापासून. चमचा ताटाच्या काठावर टणटण वाजला, भात तोंडापर्यंत निम्मा पोचला, आमटी कपड्यावर सांडली.

"पुरे हो," काकू म्हणाल्या. "मी नाही येत जेवायला. लेकीच्या सासरच्यांसमोर सगळं सांडत बसू?"

"कुठं सांडलंय? दाखव."

काकूंनी लाल कपड्याकडे पाहिलं. डाग दिसत नव्हता.

"आणि मला एकटीला असलं कुंड्यासारखं ताट?"

"एकटीला कसं? अख्ख्या हॉलला हेच ताट. हाच चमचा. सूप मी कधीच उडवलंय. शैला, दोन वर्षं तू आत ओट्याशी उभी राहून जेवतेस. पोरीच्या लग्नात तरी माझ्या टेबलावर बस."

काकूंनी पुन्हा चमचा उचलला. मी पावलांचा आवाज न करता वर आले. समतेवरचं भाषण बारगळलं. बाबांना मात्र मी काही कळवलं नाही. त्यांच्याकडे तेवढं एकच उदाहरण होतं.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारपासून कर्नल टेबलांच्या रांगांमधून फिरत होते. पेर, ताट, चमचा, दाहिने सज. फुलं बुटक्या वाट्यांत, समोरच्याचा चेहरा झाकला जाऊ नये म्हणून. पंजाबी पाहुणे आले, खुर्च्या पाहून क्षणभर गांगरले, मग बसले, आणि बसल्यावर त्यांना तेही आवडलं. प्रत्येक ताटाशी नावाची चिठ्ठी होती. माझं नाव मला मुख्य टेबलावर सापडलं, कर्नलांसमोर आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीशी. काकूंची खुर्ची रिकामी होती.

माझी छाती फुगली. "काका, मला इथे? एवढा मान?"

"मान कसला?" ते दाराकडे बघत म्हणाले. "तू एकदा बोलायला लागलीस की घास हातातच राहतो. तुझ्याइतकं सावकाश या हॉलमध्ये कोणी जेवत नाही. तुझं ताट भरलेलं असेल तोवर शैलाचं ताट मागे पडलेलं दिसणार नाही. एवढंच काम आहे तुझं. जमेल?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या भाषणाला काम दिलं होतं.

काकू आल्या. गौरीने त्यांना हाताला धरून आणलं, त्या बसल्या, नॅपकिन मांडीवर घेतला आणि ताटाकडे बघत राहिल्या. मी सुरू केलं. इचलकरंजीच्या संपापासून सुरुवात केली. काकूंनी चमचा उचलला. तो ताटाच्या काठावर वाजला, तसा मी आवाज चढवला.

बाकीच्या टेबलांवरचं जेवण उरकलं. डीजे सुरू झाला. वेटर ताटं गोळा करत आमच्याकडे आले, कर्नलांनी नुसती मान हलवली आणि ते मागे सरले. संप संपला, मी पाणीप्रश्नावर आले. व्याही सरदारजींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण एव्हाना त्यांना बाकी सगळं कळलं होतं. त्यांनी आपलं रिकामं ताट जवळ ओढलं, चमचा त्यात फिरवत राहिले आणि मला म्हणाले, "बोलो बेटा, बोलो. बहुत बढ़िया."

माझ्याकडचे अन्याय संपत आले. काकूंच्या ताटात अजून भात होता. कर्नलांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढे?" ते म्हणाले. "ते नॅपकिनचं राहिलं ना तुझं?"

मी नॅपकिनवर घसरले. काकूंनी शेवटचा घास घेतला, चमचा ठेवला, तोंड पुसलं. मग माझ्याकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने पाहून म्हणाल्या, "हिचं अजून बरंच दिसतंय. मला थोडं श्रीखंड वाढा."

वेटर पुढे झाला. कर्नलांनी त्याच्या हातातून भांडं घेतलं आणि स्वतः वाढायला वाकले. वाढताना श्रीखंडाचा एक गोळा ताटाबाहेर पडला, लाल कपड्यावर, चांगला पांढराशुभ्र, लांबून दिसेल असा. त्यांनी तो पाहिला. पुसला नाही.